मनोऱ्यावरचा कळस

कुलकर्णी सरांना कुणी नमस्कार केला की ते खेकसायचे, "हात जोडू नका, मोजा!" काय मोजायचं, ते मात्र सांगत नसत. खर्ड्याच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी चित्रकला.

एकदा त्यांनी मला मासिकातलं एक चित्र दाखवलं. सूर्याच्या अभ्यासासाठी जर्मनीत बांधलेला मनोरा. एक भिंत सरळ असेल तर शपथ! सरांना तस्साच हवा होता. माथ्यावर बोट जाईल एवढं भोक, खाली पांढरं टेबल. मेमध्ये एका दुपारी आपल्याकडे सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते. त्या दुपारी सूर्याचं बिंब थेट टेबलावर उतरणार होतं. त्याच मेअखेर सर निवृत्त व्हायचे होते. जाण्याआधी तेवढं बघायचं, बस्स.

शाळेच्या आवारात तो बांधायला आला बाजीराव गवंडी, सरांचाच विद्यार्थी, विज्ञानात दोनदा नापास. हातातला ओळंबा वाकड्या भिंतीला लावून तो कासावीस व्हायचा.

"सर, लोकं म्हनतील, बाजीरावनं पिऊन बांधलं."

"म्हणू देत. तू वाकव!"

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सर टेबल आणायला नगरला गेले आणि इकडे शाळा समितीचे अध्यक्ष पाहणीला आले. "येवढं उंच बांधलं आन् कळस न्हाई? बोडकं दिसतंय की!" अध्यक्षांपुढे बाजीराव काय बोलणार? बसवला पितळी कळस, नेमका भोकावर. दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी चपला काढून आत जाऊन अंधाराचं कौतुक केलं. अध्यक्ष विज्ञानावर पाऊण तास बोलले.

सरांनी समितीकडे अर्जांवर अर्ज केले. उत्तर एकच, "चढवलेला कळस उतरवत नसतात. गावाला लागंल." परीक्षा जवळ आल्या तशा मनोऱ्याला प्रदक्षिणा सुरू झाल्या. गर्दी विज्ञानात कच्च्या असलेल्यांचीच! मला हसू यायचं, पण सरांचा चेहरा बघितला की ते तिथंच विरायचं.

ती दुपार आली. सर उगाचच टेबल पुसून काळोखात बसले होते, सोबतीला मी. साडेबाराच्या सुमारास टेबलावर वाटीएवढं लखलखीत बिंब उमटलं. सर ताडकन उठले.

थोड्या वेळाने दारात बाजीराव, घामाघूम, हातात ड्रिल.

"कळसालाच भोक पाडलं सर, आरपार. पाप लागलं तर मला लागू द्या."

सरांच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी बाजीरावपुढे हात जोडले. टेबलावरचं बिंब हळूहळू कडेला सरकत होतं.

"सर," बाजीराव म्हणाला, "हात जोडू नका, मोजा!"