पाहुण्यांना पायी नेण्याचा प्रयोग

झाशीच्या किल्ल्यापासून तलावापर्यंत माझी दोन हजार एकशे चाळीस पावलं भरतात. तीनदा मोजली, तिसऱ्यांदा चपला बदलून. पर्यटकांना या रस्त्यानं पायी न्यायचं, धूर नाही, प्लास्टिक नाही, अशी योजना मी मोहल्ल्याच्या समितीपुढे मांडली. अध्यक्ष म्हणाले, "पहले एक जोड़ा घुमा के दिखाइए. वो खुश, तो इतवार को रस्ता गाड़ियों के लिए बंद."

पुण्याहून फिरायला आलेले एक निवृत्त काका-काकू तयार झाले. मी दोघांना पाणी भरून तांब्याच्या बाटल्या दिल्या.

शंभराव्या पावलाला समितीतल्या कापडवाल्यांनी अडवलं आणि दोघांच्या हातात प्लास्टिकच्या सीलबंद बाटल्या ठेवल्या.

"भैयाजी, प्लास्टिक नहीं, ये तो आपके सामने ही तय हुआ था!"

"वो टूरिस्ट के लिए. ये तो आपके मेहमान हैं. मेहमान को ताँबे का बासी पानी पिलाएँ? लोग थूकेंगे हम पर."

समितीचे सात सभासद याच रस्त्यावर राहतात. सातही जणांनी हेच केलं, वर समोर उभं राहून प्यायला लावलं. "बहनजी, दो घूँट और." काकूंना नाही म्हणवेना. माझ्या पिशवीत चौदा बाटल्या जमल्या.

सोळाशेच्या सुमारास काकू काकांच्या कानात काही बोलल्या. काका माझ्या कानात बोलले. मी निश्चिंत होतो. समितीनं पर्यटकांसाठी बांधलेलं स्वच्छतागृह चाळीस पावलांवर होतं.

त्याला कुलूप होतं. किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष समथर गावी लग्नाला. मी फोन लावला.

"ताला क्यों लगाया?"

"खुला रखेंगे तो लोग इस्तेमाल करेंगे, साहब. फिर टूरिस्ट को क्या दिखाएँगे?"

"टूरिस्ट ही खड़ी हैं यहाँ!"

"अच्छा? तो बाहर से दिखा दीजिए. टाइल बढ़िया लगी है."

मी फोन ठेवेपर्यंत काकूंनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून ऑटो थांबवली होती. आमच्या घरी बायकोनं दार उघडलं, तिच्या नमस्काराकडे न बघता काकू आत धावल्या.

निघताना त्यांनी समितीसाठी अभिप्राय लिहून दिला. मी एक शब्दही न गाळता त्याचं हिंदी केलं. "झाशीची माणसं फार प्रेमळ आहेत. त्यांच्यामधून वाहनानंच जावं." अध्यक्षांनी तो सभेत मोठ्यानं वाचला. पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या. दुसरं एकमतानं मंजूर झालं.