एका दाराला दोन कुलपं

निपाणीत सायकलवाला सिद्राम म्हटलं की कोण बी दुकान दाखवतंय. शिक्षण सातवीपतूर, पण बिघडलेली सायकल माझ्याकडं आली आणि तशीच परत गेली असं कधी झालं न्हाय. तरी बी मला माझं सांगायचं न्हाय, माझ्या धाकट्या बहिणीचं सांगायचंय. सुलाबाई. तिच्यासारखी बाई ह्या भागात झाली न्हाय. मी भाऊ हाय म्हणून म्हणत न्हाय. भाऊ नसतो तरी म्हणलो असतो.

आमची आई तंबाखूच्या वखारीत जायची. सुली माझ्या कडेवर. वखारीतली धूळ नाकात गेली की शिंका, डोळ्यात गेली की आग. तितं लहान पोरांचं काय हाल होत्यात ते आम्ही अंगानं सोसलंय. म्हणून सुली शिकली आणि आमच्या नगरातल्या समाजमंदिराच्या खोलीत शिशुविहार चालवायला लागली. मला वाटतं तवा शहात्तर साल असंल. शाळेच्या खात्यानं तिला नेमली. वखारीला जाताना बायका पोरं तिच्या हवाली करायच्या, ती आधी त्यांचे डोळे धुवायची, मग गाणी, मग पाटी.

चार-पाच वर्सांनी दुसरं खातं आलं. त्याला आम्ही खाऊचं खातं म्हणायचो. त्यांनी त्याच खोलीवर अंगणवाडीचा बोर्ड ठोकला आणि सुलीला म्हणले, "बाई, खाऊ बी तुमीच वाटा." आता एका भिंतीवर दोन बोर्ड. शाळेचा मंत्री येगळा, खाऊचा मंत्री येगळा, सायब येगळे. पोरं मातर तीच. दोन वर्सं सुखानं चाललं. पोरं उप्पीट खायची, गाणी म्हणायची, आया निवांत वखारीला जायच्या.

त्र्याऐंशी साली कुणातरी वरच्या सायबाला कळलं की एकच पोर दोन मंत्र्यांच्या हजेरीत हाय. झालं. एका सकाळी दोन्ही खात्यांचे सायब एकाच टायमाला येऊन थडकले. मी दुकान टाकून गेलतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं.

शाळेचा सायब म्हणला, "हे शिशुविहार आहे. तीन वर्षांच्या आतलं मूल इथं चालणार नाही."

खाऊचा सायब म्हणला, "मग तुमच्या मुलांना आमचा खाऊ चालणार नाही."

शेवटी त्यांनी काय करावं? सुलीचाच खडू घेतला आणि खोलीच्या मधोमध रेघ मारली! हिकडची शिशुविहारची, तिकडची अंगणवाडीची. मोठी हिकडं, बारकी तिकडं. मी तोंड उघडं टाकून बघत हुतो. शिकलेली माणसं, बुटातली, आणि पोरांच्या खोलीत सीमा आखतायत! सीमेचं काय असतंय ते आम्हाला निपाणीकरांना शिकवायचं व्हय?

पण आमच्याकडची रीत त्यांना ठावं न्हवती. वखारीवाल्या बाईचं पोर एकटं येत न्हाय. थोरलीच्या कडेवर धाकटं असतंय. कोंडाबाईची रुक्मी पाच वर्सांची, तिच्या कडेवर भाऊ. शाळेच्या सायबानं भावाला उचलून तिकडं ठेवला. तो रडला. रुक्मी रेघ ओलांडून गेली आणि त्याला कडेवर घेऊन परत आली. सायबानं परत ठेवला. ती परत गेली. मग सगळ्याच थोरल्या उठल्या आणि आपापली भावंडं उचलून आणली. खडूची रेघ पोरांच्या पायांनी पार पुसून गेली.

"बाई, तुमची मुलं शिस्तीत नाहीत," सायब वराडला.

सुली म्हणली, "सायब, ती एकमेकांना सांभाळत्यात, म्हणून मला इतकी सांभाळता येत्यात. धाकटं भाईर काढलं तर थोरली बी जाणार."

सायबांनी छत्र्या उचलल्या आणि चालते झाले.

दुसऱ्या दिशी सकाळी सुली पळत दुकानात आली. मी चाकाला हवा भरत हुतो.

"अण्णा, चल लवकर."

"काय झालं गं?"

"चल म्हणते न्हवं!"

जाऊन बघतो तर दाराला दोन कुलपं. वरच्या कडीला शाळेच्या खात्याचं, खालच्या कडीला खाऊच्या खात्याचं. पायरीवर पोरं बसलेली, हातात ताटल्या. चोराला सुद्धा कोण दोन कुलपं लावत न्हाय, आणि ही दोन-तीन वर्सांची लेकरं! कोंडाबाई तिथंच उभी. म्हणली, "बाई, भोंगा झाला. मी पोराला वखारीत नेते." दुसऱ्या बायका बी पोरं घेऊन तंबाखूकडं निघाल्या. सुली त्यांच्या पाठीकडं बघत उभी राहिली.

मी तिला घेऊन एसटीनं बेळगावला गेलो. पांढरा शर्ट घातला हुता, म्हटलं माझ्याफुडं सायब कसा बोलतोय बघतो. शाळेच्या कचेरीत म्हणले, "आमचं कुलूप आम्ही काढू, पण आधी त्यांनी काढायला पाहिजे." तिथनं खाऊच्या कचेरीत. ते म्हणले, "आधी त्यांनी." परत शाळेकडं. दारातला शिपाई नागोजी आमच्याच भागातला. कानाशी येऊन म्हणला, "सिद्रामण्णा, जो आधी काढंल त्याच्या गळ्यात खोली पडती. दोघांचे मंत्री बेंगळूरात एकमेकांशी बोलत न्हाईत. तू घरला जा."

पोरांसाठी दोन मंत्री, आणि पोरांना दार उघडायला एक माणूस न्हाय?

येताना संकेश्वर आलं तवा सुली म्हणली, "अण्णा, रुक्मीच्या भावाचे डोळे आले असतील बघ."

सकाळी मी घण घेऊन गेलो. म्हटलं, "सुले, बाजूला सर. दोन्ही फोडतो. निपाणीत कोण मला अडवतोय बघू!"

"खुळा हाईस काय? कुलूप फोडलं की दोन खात्यांचे दोन खटले. मला नोकरी न्हाय ऱ्हायची, आणि पोरांना खोली. दे तो घण हिकडं."

दार भाईर उघडणारं, बिजागऱ्या भाईरच्या अंगाला. तिनं पदर खोचला आणि बिजागऱ्यांच्या खिळी खालनं ठोकून वर काढल्या. दार बिजागऱ्यांच्या बाजूनं सुटलं आणि कुलपांवर फिरून उलटं उघडलं. दोन सरकारी कुलपं, दोन बिजागऱ्या झाली! मी डोक्याला हात लावला. माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय?

"कोंडाबाईला सांग जा, खोली उघडली," ती म्हणली.

दुपारी दोन्ही सायब आले. दोघांनी आपापलं कुलूप ओढून बघितलं. शाबूत. काय लिहायचं ते कुणालाच सुचंना. पोरं आत उप्पीट खात हुती.

महिन्याभरानं निकाल लागला. खोली खाऊच्या खात्याला. मला वाटलं, आता सुलीचा हार घालून सत्कार. तर सुली शाळेच्या खात्याची, म्हणून तिची नेमणूक रद्द. बाई म्हणून दुसरी कोण मॅट्रिक झालेली आली. सुलीला पाहिजे तर मदतनीस म्हणून घेतो म्हणले. भांडी घासायची, उप्पीट ढवळायचं. तिनंच हुबी केलेल्या खोलीत!

मी ताडताड गेलो. ती खोलीतल्या चुलीफुडं बसलेली.

"सुले, तू बाई हुतीस गं! सगळी निपाणी तुला बाई म्हणती. आणि आता मदतनीस? थुकून ये त्यांच्या तोंडावर. मी बसलोय न्हवं पोसायला!"

"मग पोरांचे डोळे कोण धुणार? नव्या बाईला तंबाखूचा वास सोसत न्हाय, ती दारातनंच हजेरी घेती." तिनं कळशी माझ्याकडं सरकवली. "लई आवाज चढलाय तुझा. जा, नळावरनं पाणी आण. पोरं यायला लागली."

मला आजपतूर कुणी पाणी भरायला सांगितलं न्हवतं, माझ्या बायकोनं सुद्धा न्हाय. मी कळशी उचलली आणि नळावर जाऊन नंबराला उभा राहिलो.