किल्ली निफाडला राहिली

कारखाना बंद पडला आणि आमचे हे कॉटवरून उठेनात. मी गोडीत सांगून पाहिलं, भांडून पाहिलं. "अहो, निदान दाढी तरी करा," म्हटलं की हे कूस बदलायचे. नाशकातल्या इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगखाली सासऱ्यांची जुनी गाडी धूळ खात उभी होती, गियरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. तिचं इंजिन कधीच फुटलं होतं आणि सुटे भाग मिळत नव्हते. एकदा वैतागून मीच ओरडले, "एक तर ती भंगारात घाला, नाहीतर चालू करा!"

आणि हे उठले की हो!

त्यांनी ठरवलं, जुन्या गाडीत नव्या गाडीचं इंजिन बसवायचं. कार्ब्युरेटरवालं नाही, इंजेक्शनवालं. पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, तसलं. अपघातात चेपलेल्या एका गाडीचं इंजिन भंगारवाल्याकडे मिळालं, कॉम्प्युटर आणि वायरिंगसकट. मग काय विचारता! हे आणि ओळखीचा एक मिस्त्री दिवसभर गाडीखाली. इंजिन आणि जुना गियरबॉक्स जुळेना, म्हणून मधे बसवायला लेथवर जाड पट्टी करून आणली. पेट्रोलच्या टाकीत नवा पंप टाकला. घरभर ऑईलचे हात. पण हे दोन पोळ्या जास्त खायला लागले, आंघोळ करताना गाणं म्हणायला लागले. माझा माणूस मला परत मिळाला असं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सगळं जोडून झालं तेव्हा मी नारळ घेऊन खाली उभी राहिले. ह्यांनी स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, पण पेटेना. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मिस्त्रीनं बरीच खुडबुड केली आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, हिची मूळ किल्ली पाहिजे. किल्लीत चिप असते. ती ओळखली नाही तर कॉम्प्युटर इंजिन चालूच होऊ देत नाही."

माझं डोकंच फिरलं. अख्खं इंजिन उचलून आणलं, आणि किल्ली विचारायचं कुणाला सुचलं नाही! कंपनी दुसरी किल्ली गाडीच्या मालकालाच देणार. भंगारवाल्यानं मालकाचा पत्ता दिला. निफाडजवळची एक वस्ती होती. आम्ही दोघं एसटीनं गेलो.

द्राक्षबागेच्या कडेला घर. गाडीच्या म्हाताऱ्या मालकांनी पाणी दिलं, आमचं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गाडी म्या इकली, पण पोराला नाय सांगितलं. त्या अपघातात कमरेखालचं समदं गेलंय त्याचं. त्याला वाटतंय गाडी नाशकाला दुरुस्तीला हाय. किल्ली त्याच्याजवळच असती. तुम्हीच मागा भाऊ, माझी जीभ नाय रेटायची."

आतल्या खोलीत पोरगा पडून होता. पंचविशीचा असेल. ह्यांच्या नखांतलं काळं ऑईल बघून त्याचा चेहरा असा उजळला, बाई गं! "काका, गॅरेजमधून आलात ना? किल्ली माझ्याकडंच राहिली. काम अडलं असंल तुमचं." त्यानं किल्ली पुढं केली.

घ्या ना, घ्या, मी मनातल्या मनात म्हणत होते. मला त्या पोराची दया आली, पण माझ्या घरातल्या कॉटची भीती त्याहून जास्त होती.

हे म्हणाले, "असू दे तुझ्याजवळ. गाडी तयार झाली की मागून घेईन." आणि निघताना त्याला आमचा फोन नंबर लिहून दिला.

एसटीत मी मुद्दाम ह्यांच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसले. घरी आल्यावर हे कॉटवर आडवे झाले आणि मी भाजी चिरता चिरता रडून घेतलं.

मग त्या पोराचे फोन यायला लागले. "काका, कुठवर आली?" तेवढ्यापुरते हे उठायचे, फोनपाशी ताठ उभे राहायचे. "डेंटिंग झालं. इंजिन एकदम ओके. आता रंग." तो रंगाचं विचारायचा, सीट कव्हरचं विचारायचा. हे रंगवून रंगवून सांगायचे. फोन ठेवला की पुन्हा कॉट. मी चिडायचे, पण फोन आला नाही तर मीच अस्वस्थ व्हायचे.

द्राक्षांचा हंगाम संपत आला तेव्हा फोन आला तो म्हाताऱ्यांचा. पोरगा गेला होता. किल्ली घेऊन जा म्हणाले.

हे "येतो" म्हणाले आणि गेले नाहीत. आठवडे गेले. शेवटी मीच पिशवी घेऊन निघाले. "मी आणते. एकदा चालू तर करून बघा."

"कशाला?" हे भिंतीकडे बघत म्हणाले. "आता तयार झाली म्हणून सांगू कुणाला?"

मला सांगा की, मी आहे ना, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण त्यांनी मान वळवली नाही. मी पिशवी खुंटीला अडकवली आणि कुकर लावला.