कुंपणाबाहेरची तगर

फुलांची परडी दिसली की हुबळीतलं आमचं नवं घर आठवतं. त्या गल्लीत सकाळी कुणीही कुणाच्याही कुंपणावरची फुलं पूजेला तोडायचं. म्हणून रोपं घेताना अप्पा गुलाबाकडे वळले, तेव्हा आई म्हणाली, ‘तगर आणि जास्वंद घ्या. बारा महिने फुलतात, शेजारणींनाही होतील.’ वर्षभरात फांद्या बाहेर झुकल्या. एकदा शेजारच्या सुनेने हात वर केला, तर सासू म्हणाली, ‘ती नको गं. त्यांच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे. देवाला चालणार नाहीत त्यांची फुलं.’ मी भांडायला निघाले. आईने मनगट धरलं. ‘थांब. झाडांना पाणी घालायचंय.’ फुलं कुंपणाखाली सडत राहिली. आज माझ्या दारची तगर नव्या शेजारणीने परडीभर नेली. तिने अजून माझं आडनाव विचारलेलं नाही.