गुरुवारपुरतं ऐकणं

कमी ऐकू येणाऱ्या लहान मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवणं हे माझं काम. डहाणूहून स्कूटरवर निघते आणि सायवन, तलासरी अशी पाड्यापाड्यांवर फिरते. लोकांना वाटतं, या बाईंना धीर फार. धीर आहे, पण मुलांपुरता. मोठ्या माणसांवर मी चटकन तडकते, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

सायवनच्या आतल्या एका पाड्यावर ती मुलगी मला भेटली, तेव्हा अडीच वर्षांची होती. आई भाताच्या दिवसांत शेतावर आणि एरवी चिकूच्या वाडीत मजुरीला जायची. बाप तारापूरकडे कामाला, आठवड्याने घरी यायचा. एका शिबिरात मुलीच्या दोन्ही कानांसाठी ऐकण्याची मशीनं मिळाली. ती पहिल्यांदा घातली आणि अंगणात कोंबडा आरवला. मुलगी खेळता खेळता थांबली आणि आईकडे बघायला लागली. आई हसली आणि लगेच रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

मग मी आईला बजावलं. पाणी लागू देऊ नका, पडू देऊ नका, फार महाग आहेत, हरवली तर पुन्हा मिळायची नाहीत. हे मी निदान पाच वेळा सांगितलं असेल. मुलगी जागी असेपर्यंत मशीनं कानात राहू द्या, हे मात्र एकदाच सांगितलं, तेही स्कूटर चालू करता करता.

दर गुरुवारी मी जायला लागले. मुलीच्या हातात एक चिंचोका द्यायचा. मी तोंडापुढे कागद धरून आवाज काढायचे, कधी ‘आ’, कधी ‘म’, कधी ‘स’. ऐकू आला की तिने चिंचोका वाटीत टाकायचा. ती हे झटकन शिकली. चिंचोका टाकला की माझ्याकडे अशा ऐटीत बघायची, की जणू मलाच काही येत नाही. पण शब्द येईनात. महिने गेले, वर्ष होत आलं, तरी ‘मम’च्या पुढे गाडी सरकेना. मी मशीनं तपासायला पाठवली, ती ठीक निघाली. पोरीचे कान पुन्हा तपासून घेतले. तिची समजच कमी असेल का, अशीही शंका मी घेतली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

कारण मला एक गोष्ट दिसत होती आणि मी तिचं कौतुक करत होते. दुसऱ्या घरांत बॅटऱ्या आठ-दहा दिवसांत संपायच्या. मशीनं मळायची, घासली जायची. इथे मशीनं कोरी करकरीत आणि बॅटरीचं एक पाकीट महिनोन्‌महिने पुरायचं. तलासरीला आयांची बैठक होती, तिथे मी सगळ्यांना ऐकवलं, “वस्तू कशी जपावी ते या ताईंकडून शिका.” ती पदराने तोंड झाकून लाजली होती.

पुढे एका गुरुवारी सुट्टी आली, म्हणून मी सोमवारीच गेले. मुलगी अंगणात भांडी वाजवत बसली होती. कान मोकळे. मी विचारलं, मशीनं कुठे आहेत? आईने आत जाऊन तांदळाचा डबा आणला. त्यात फडक्यात गुंडाळलेली डबी, डबीत मशीनं आणि बॅटऱ्या वेगळ्या काढून, संपू नयेत म्हणून त्यांच्यावरचं स्टिकर पुन्हा चिकटवून ठेवलेल्या.

“तुमी येता तवा घालतों ना बाय,” ती म्हणाली. “रोज घातला तं मोडंल. मोडला तं पोर काय ऐकंल?”

मी तडकले. नको ते बोलले. पोरीचं वर्ष वाया घालवलंत, तुम्हाला काही कळतं का, असं ओरडले. शेजारच्या बायका दारात आल्या. आई तशीच डबा हातात धरून उभी राहिली. परत येताना मला आठवलं, ते महाग-महाग मीच तिच्या मनात भरवलं होतं. स्कूटर बाजूला घेऊन मी बराच वेळ रडले.

दुसऱ्या दिवशीपासून मशीनं सकाळी कानात जायला लागली, ती झोपताना निघायची. आई कामावर निघण्याआधी पोरीला जवळ घेऊन बोलायची, चूल पेटवते, पाणी भरते, सगळं सांगायची. शब्द आले, पण पाच वर्षांची झाली तरी बोटांवर मोजण्याइतके. गेलेले दिवस कुणालाच परत आणता येत नाहीत.

परवा पाठ सुरू करण्याआधी आईने मला विचारलं, “बाय, पैल्या दिसापासून घातला असता, तं बोलली असती का?”

तिचा चेहरा बघून माझा धीर सुटला. म्हटलं, “नाही हो. काही फरक पडला नसता.”

तिने मोठा श्वास सोडला. मग पोरीला जवळ ओढलं, कानांतली मशीनं काढली आणि पदराने पुसली. “मंग कशाला रोज घालायचा? उगा खराब होल.”

मी तिचा हात धरला. “खोटं बोलले मी. बोलली असती. चूक माझी आहे. मी तुम्हाला घाबरवलं, आणि बॅटऱ्या संपत नाहीत हे दिसत असून विचारलं नाही.”

“पुरती बोलली असती?”

“बरंच बोलली असती.”

ती काही वेळ पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग तिने मशीनं परत घातली, आधी उजवं, मग डावं, आणि पोरीला माझ्यासमोर बसवलं.

“शिकवा,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता आत गेली.