गोरं करणारी डबी

आमच्याकडे विरजण जसं या घरातून त्या घरात जातं, तशी ती क्रीम सुलतानपूरहून बुलढाण्याला आली. बायकोच्या भावजयीनं मेडिकलमधली एक ट्यूब आणि बाजारातली गोरं करणारी क्रीम एकत्र घोटून स्टीलच्या डबीत भरून दिली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आधी आत्यानं लावून पाहायचं, मग नवरीनं.

बायकोचा चेहरा खरंच उजळला. कॉलनीतल्या बायका विचारू लागल्या. मला मात्र खोक्यावरचं बारीक छापील वाचायची खोड. ट्यूबच्या खोक्याचा फोटो मागवला. लाल उभी रेघ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी ओळ, आणि औषध ०.१ टक्का. मी मोठ्यानं वाचलं.

"शून्य पॉइंट एक?" ती हसली. "दूधवाला याच्याहून जास्त पानी घालते. त्याले काऊन नाही बोलत?"

डबी संपली आणि आठवड्याच्या आत तिला तव्याची धग सोसेना. गाल लालभडक, वर पुरळ. घरातही ती तोंडाला दुपट्टा बांधून वावरू लागली. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. आजार पाहून, थोडे दिवस द्यायचं औषध. रोज तोंडाला लावलं तर कातडी पातळ होते, सोडलं की अशी पेटते. बरं होईल, पण वेळ लागेल.

बायकोनं तिथूनच भावजयीला फोन लावला. "पोरीले लावू नको वो."

"वा ताई! तुम्ही गोऱ्या झाल्या, अन् माह्या पोरीची बारी आली तं नाही म्हणता?"

फोन ठेवून बायको मला म्हणाली, "चला, सुलतानपूरले."

एसटीत तिनं दुपट्टा घट्ट बांधला होता. भावाच्या अंगणात, शेजारणी बसलेल्या असताना, तो तिनं सोडला. नवरीच पुढं आली.

"आत्या, दुखते का?"

"भाकरी थापाले बसली की दुखते."

पोरीनं आत जाऊन स्वतःसाठी घोटून ठेवलेली क्रीम आणली आणि मोरीत धुऊन टाकली. भावजय चहा ठेवायला उठली.

कोणाची डबी रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. बायकोनं पिशवीतून भावजयीची स्टीलची डबी काढली. आत काठोकाठ जवसाची चटणी होती.

"घे. हे भाकरीले लाव."