वाटीतला खडा

आमची कागदपत्रं चोख होती. नवरा हिशेब तपासणारा माणूस, कागदात त्याची चूक सापडणं अवघड. कुवेतमध्ये गाडीच्या नोंदणीपत्राला सगळे 'दफ्तर' म्हणतात. आमच्याकडे दोन दफ्तरं होती, एक गाडीचं आणि एक ट्रेलरचं, कारण सीमा ओलांडायची तर मागच्या ट्रेलरला स्वतःचा नंबर आणि स्वतःचं दफ्तर लागतं. सौदीत चालणारा विमा, आमच्या इकामांच्या, म्हणजे रहिवासी परवान्यांच्या, प्रती, व्हिसा, सगळं एका निळ्या फाइलमध्ये क्रमानं लावलेलं होतं.

लोखंडाची बाजू माझ्याकडे होती. मी इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. माहेर साखर कारखान्याच्या रस्त्यावरचं, त्यामुळे एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या बघतच मी मोठी झाले. ट्रेलर जोडणं म्हणजे काय ते मला शिकवायला नको, असं मी नवऱ्याला ऐकवलंही होतं.

ट्रेलर तसा लहानच, दोन चाकांचा, वर ताडपत्री. आत तंबू, गाद्या, शेगडी, पाण्याचे कॅन. फेब्रुवारीची सलग सुट्टी होती आणि सौदीतल्या एका किनाऱ्यावर तीन दिवस राहायचं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी बनेद अल-गारमधल्या आमच्या इमारतीखाली मी तो जोडला. गाडीच्या मागे लिंबाएवढा नाही, चांगला मोसंबीएवढा लोखंडी गोळा असतो. ट्रेलरच्या नाकाला खालून पोकळ अशी वाटी असते. वाटी गोळ्यावर बसवायची आणि वरचा खटका दाबायचा. मी दाबला, खट्ट आवाज आला. दोन साखळ्या होत्या, त्याही अडकवल्या. हात झटकले आणि निघालो.

सीमेवरच्या नुवैसीबच्या नाक्यापर्यंत शंभरेक किलोमीटर. रस्ता सरळ, गुळगुळीत. शेजारून तेलाचे टँकर जात होते, बसेस जात होत्या. बारा वर्षांची लेक मागच्या सीटवर कानात गाणी घालून बसली होती.

नाक्यावर शिक्के झाले. मग ट्रेलर असलेल्या गाड्यांची वेगळी रांग. तिथला अधिकारी वयस्कर होता, पांढरी दाढी, गणवेशाच्या बाह्या दुमडलेल्या. नवऱ्यानं फाइल पुढे केली. त्यानं ती उघडलीसुद्धा नाही. आधी ट्रेलरचे दिवे लावायला लावले, डावा, उजवा, ब्रेकचा. मग सरळ जमिनीवर गुडघे टेकून गोळ्याखाली हात घातला, आणि त्याचा चेहरा बदलला.

"ये कौन लगाया?" त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

"मैंने," मी म्हणाले. आवाजात थोडा तोराच असावा.

"बच्ची को बाहर निकालो. इधर आओ, देखो."

नवऱ्यानं लेकीला उतरवून बाजूला उभं केलं. ट्रेलरच्या नाकाशी एक छोटं चाक असतं, हँडल फिरवलं की ते खाली येतं आणि नाक वर उचललं जातं. त्यानं हँडल फिरवायला सुरुवात केली. चाक जमिनीला टेकलं. आणखी चार फेरे. आणि ट्रेलरचं नाक गोळ्यावरून अलगद वर आलं, डब्यावरचं झाकण उचलावं तसं. खटका बंदच होता. गोळा मोकळा होता.

मी वाटीत डोकावले.

वाटीच्या आत वाळू आणि जुनं ग्रीस मिळून दगडासारखा एक खडा तयार झाला होता, बोराच्या बीएवढा. त्यामुळे खटका वरून बसला, पण गोळ्याला खालून पकडणारी आतली जीभ सरकलीच नव्हती. शंभर किलोमीटर ते धूड केवळ स्वतःच्या वजनानं गोळ्यावर टेकून आलं होतं. एखादा खड्डा लागला असता तर? मला ते टँकर आठवले. रोज माणसाच्या आतलं हाड न् हाड बघणारी मी, पण वाकून खाली बघितलं नव्हतं.

नवरा एवढंच म्हणाला, "अगं..." आणि माझा हात धरला.

अधिकारी रागावला नाही. म्हणाला, तरुणपणी वडिलांबरोबर तो ट्रेलरवरून होडी किनाऱ्यावर नेत असे. एकदा गाडी चालवताना त्यानं आरशात बघितलं तर मागे होडी नव्हती. बाजूला बघितलं, तर ती त्याच्याच शेजारून पुढे चालली होती. "मेरा बोट मेरे को ओव्हरटेक किया," तो म्हणाला. "रास्ता खाली था. अल्लाने खाली रखा." हसला, पण डोळे हसत नव्हते.

मग त्यानं सगळं माझ्याकडूनच करून घेतलं. खडा काढला, वाटी फडक्यानं पुसली, नवं ग्रीस लावलं. नाक खाली, खटका, खटक्यात आडवी पिन. "अब उठाओ." मी हँडल फिरवलं. नाक वर येऊ लागलं आणि त्याच्याबरोबर गाडीचा मागचा भागही वर उठला! आमची एवढी मोठी गाडी, मुठीएवढ्या लोखंडाला धरून.

साखळ्याही मी चुकीच्याच लावल्या होत्या, सरळ. त्यानं त्या खालून एकमेकींवरून फुलीसारख्या घ्यायला लावल्या. "क्यों?" मी विचारलं. त्यानं दोन्ही हातांची झोळी करून दाखवली. वरचं सुटलं तर नाक रस्त्यावर आपटणार नाही, या फुलीत झेललं जाईल.

कधीतरी कुणाच्या तरी ट्रेलरचं नाक रस्त्यात रुतलं असेल, कुणी मेलं असेल, आणि मग कुणीतरी हा साखळ्यांचा नियम लिहिला असेल. मी त्या फुलीकडे बघत राहिले. देवळात उभं राहावं तसं वाटत होतं, आणि समोर फक्त ग्रीसनं माखलेल्या दोन साखळ्या होत्या.

"शुक्रन," मी आभार मानले. त्यानं फाइल उघडली, दोन्ही दफ्तरांवरचे नंबर ताडून पाहिले आणि हात हलवला.

पलीकडचीही तपासणी पार पडली. नवरा ऐंशीच्या वर गेला नाही. मग लेकीनं कानातली गाणी काढली. "इफ इट केम ऑफ... मग काय झालं असतं?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं, असं मनात आलं होतं. पण मी खरं तेच सांगितलं, टँकरांसकट. ती ऐकत राहिली.

पहिल्या पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा ती उतरून थेट मागे गेली आणि कपड्यांची पर्वा न करता ट्रेलरच्या नाकाखाली आडवी झाली. मोबाइलचा उजेड त्या गोळ्यावर धरून बराच वेळ बघत होती.

"आई," ती खालूनच म्हणाली, "एवढुसंच आहे हे!"